मागल्या गल्लीतलं जिवंत पिंप

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात पॅरिसची गाडी पकडणारे प्रवासी ज्या दालनात सामान तपासून घेतात, ते दालन मुळात बिअर साठवण्याचं तळघर होतं. 1868 साली स्थानक सुरू झालं तेव्हा रूळ वरच्या मजल्यावर ठेवले आणि त्यांच्याखाली ओतीव लोखंडाचे शेकडो खांब उभे केले. दोन खांबांमध्ये अंतर किती सोडायचं, हे बिअरच्या पिंपांच्या मापावरून ठरलं. ही पिंपं यायची सुमारे दोनशे किलोमीटर दूरच्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावाहून. राजधानीतल्या एका भव्य वास्तूचं माप ज्या गावच्या मालाने ठरवलं, ते गाव आणि त्या गावातला एक पब बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती. डर्बीत नोकरी करणारी भाची सोबतीला तयार झाली आणि आम्ही दोघी निघालो. डर्बीहून रेल्वेने जेमतेम पाव तास.

बर्टनमध्ये उतरल्यावर आधी वास येतो. भिजलेल्या, शिजलेल्या धान्याचा गोडसर वास, आणि वारा फिरला की त्यात मिसळलेला एक खारट, उग्र दर्प. हा दुसरा दर्प मार्माइटचा. ब्रेडला लावायचा हा काळा, चिकट पदार्थ 1902 पासून इथे बनतो. त्यासाठी लागणारं यीस्ट शेजारच्या बिअर कारखान्यांतून उरत होतं, म्हणून तो कारखाना इथे आला.

पाण्याची पुण्याई

बर्टनचं नाव झालं ते पाण्यामुळे. ट्रेंट नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली जिप्समचे थर आहेत. त्यांतून झिरपून विहिरीत येणारं पाणी जड असतं, कॅल्शियम सल्फेटने भरलेलं. या पाण्यात बिअर नितळ होते आणि हॉप्सच्या फुलांचा कडूपणा स्वच्छ, कोरडा उतरतो. मध्ययुगात इथल्या मठातले संन्यासी बिअर गाळत. आज जगभरचे बिअर करणारे आपल्या साध्या पाण्यात जिप्सम घालून बर्टनच्या पाण्याची बरोबरी करू पाहतात.

1777 मध्ये विल्यम बास नावाच्या मालवाहतूकदाराने इथे बिअरचा कारखाना काढला. सुरुवातीला बर्टनचा माल कालव्याने आणि जहाजाने बाल्टिक समुद्राकडे, रशियाकडे जाई. रशियाने आयातकर वाढवले आणि ते दार बंद झालं. त्याच सुमारास, 1822 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला हिंदुस्थानची बाजारपेठ सुचवली. तोवर मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या अंमलदारांना लंडनच्या हॉजसनची फिकी, भरपूर हॉप्स घातलेली बिअर मिळत असे. ऑलसॉपने तशी बिअर बर्टनच्या पाण्यात करून पाहिली आणि ती सरस निघाली. पाठोपाठ बास उतरला. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने डुचमळत ही पिंपं मुंबई बंदरात उतरत. 'इंडिया पेल एल' (एल हा इंग्लिश बिअरचा जुना प्रकार) हे नाव या व्यापारातून आलं. आज पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत फळ्यावर 'आयपीए' ही तीन अक्षरं दिसतात, त्यांच्या मागे मुंबई बंदर आणि बर्टनच्या विहिरी आहेत.

1839 मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि देशाची बाजारपेठही उघडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बासची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कारखान्यांत होत होती. 1 जानेवारी 1876 रोजी ब्रिटनमध्ये बोधचिन्हांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला बासचा लाल त्रिकोण. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने 1882 मध्ये पूर्ण केलेल्या 'फॉली-बेर्जेर'च्या बारच्या चित्रात बारवरच्या बाटल्यांवर तो त्रिकोण आजही ओळखता येतो.

क्रॉस स्ट्रीट

इंग्लंडमध्ये पब दोन जागी असतात. एक हमरस्त्यावर, मोठ्या पाटीचा, वाटसरूंसाठी. दुसरा मागल्या गल्लीत, चाळवजा घरांच्या रांगेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. असे गल्लीतले पब इतके कसे झाले, याचं मोठं कारण 1830 चा बिअरहाउस कायदा. जिनचं व्यसन आवरावं आणि बिअरच्या व्यापारातली मक्तेदारी मोडावी, म्हणून सरकारने दोन गिनी भरणाऱ्या कुठल्याही करदात्या घरमालकाला आपल्या घरात बिअर विकायची मुभा दिली. गिरण्या, खाणी आणि भट्ट्यांच्या आसपासच्या वस्त्यांत लोकांनी आपल्या पुढच्या खोल्या उघडल्या. काही वर्षांत अशी हजारो घरं झाली. 1869 मध्ये परवाने देण्याचा अधिकार पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला, पण तोवर गल्लीतला पब इंग्लंडच्या अंगवळणी पडला होता. म्हणूनच जुन्या पबची अंतर्रचना घरासारखी असते: एका मोठ्या दालनाऐवजी लहान लहान खोल्या, प्रत्येकीला शेकोटी, भिंतीला टेकून बाकं.

आम्ही ज्या पबसाठी आलो होतो, त्याचं नाव 'कूपर्स टॅव्हर्न'. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर. स्थानकापासून थोडं चालत गेलं की क्रॉस स्ट्रीटवर विटांची ही इमारत लागते. एके काळी हा बासच्या कारखान्याचा स्वतःचा पब होता. आता त्याची मालकी मार्केट ड्रेटनच्या जूल्स या छोट्या कंपनीकडे आहे. या मालकीला एक इतिहास आहे. जूल्सचा मूळ कारखाना स्टोन या गावी होता. बास कंपनीने तो विकत घेतला आणि 1970 च्या दशकात बंद केला. 2010 मध्ये जूल्सचं नाव घेऊन नवा कारखाना उभा राहिला, आणि ज्या बासने जुन्या जूल्सला कुलूप लावलं, तिचाच पब पुढे नव्या जूल्सच्या हाती आला. नव्या मालकांनी तिथे बासची बिअर विकणं थांबवलं नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पुढच्या खोलीतून आत गेलं की पबचं खरं हृदय लागतं. मागची खोली, भिंतीकडेला बाकं, टेबलांच्या जागी पिंपं. एका कोपऱ्यात छोटासा काउंटर आणि त्याच्या बाजूला घडवंचीवर आडवी ठेवलेली, नळ ठोकलेली पिंपं. बहुतेक पबांत बिअर तळघरात असते आणि हातपंपाने वर ओढतात. इथे पिंप डोळ्यांसमोर असतं. नळ फिरवला की बिअर आपल्याच भाराने पेल्यात उतरते.

वेटर नसतो. आपण काउंटरपाशी जायचं, मागायचं, लगेच पैसे द्यायचे आणि पेला आपणच उचलून आणायचा. रांग दिसत नाही, पण आपल्याआधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्याकडे पाहून बारवरच्या बाईंनी शेजारच्या आजोबांकडे मान वळवली, कारण ते आधी आले होते. मग मला 'डक' अशी हाक मारून त्यांनी काय हवं ते विचारलं. या भागात ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना प्रेमाने अशीच हाक मारतात. मी अर्धा पाइंट ड्राफ्ट बास मागितली. भाची बिअर घेत नाही, तिने जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं बिनमद्याचं पेय, घेतलं. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

पिंपात काय चालतं

कास्क एल म्हणजे कारखान्यातून अर्धवट अवस्थेत निघालेली बिअर. जवाला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. ते गरम पाण्यात भिजवून गोड रस काढायचा, हॉप्स घालून उकळायचा, थंड करून यीस्ट सोडायचं. इथवर सगळ्या एल सारख्याच. फरक पुढे पडतो. बाटलीतली किंवा स्टीलच्या बंद केगमधली बिअर बहुधा गाळतात, तापवून तिच्यातलं यीस्ट मारतात आणि वरून वायू भरतात. कास्कमध्ये बिअर जिवंत यीस्टसकट भरतात. थोडी साखर शिल्लक असते, ती यीस्ट पिंपातच खात राहतं आणि बिअरला स्वतःचा हलका बुडबुडा मिळतो. आपल्याकडे कोकणात झाडावरून उतरवलेली माडी सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरी, तसाच हा जीव असलेला पदार्थ आहे.

बिअर नितळ व्हावी म्हणून परंपरेने पिंपात आयझिंग्लास घालतात. माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला हा पदार्थ यीस्टला धरून तळाशी नेतो. आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाच्या या पिशवीला परदेशात जी किंमत येते, तिच्यामागे बिअर आणि वाइन नितळ करण्याचा हा उपयोगही आहे. 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या मच्छीमाराच्या जाळ्यात घोळीचा थवा लागला आणि लिलावात कोटीच्या वर रक्कम आली, ती बातमी अनेकांना आठवत असेल. बिअरमध्ये माशाचा हा पदार्थ असू शकतो, हे शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावं. आता आयझिंग्लास न वापरता केलेली, किंचित धूसर कास्क बिअरही बऱ्याच ठिकाणी मिळते. काउंटरवर विचारलं की सांगतात.

पिंप पबमध्ये आल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. ते आडवं ठेवून स्थिर होऊ द्यायचं. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू जाऊ द्यायचा. फसफस शमली की तिच्या जागी घट्ट खुंटी बसवायची. मग लाकडी मोगरीच्या एका नेमक्या ठोक्याने पुढच्या तोंडात नळ बसवायचा. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, बहुधा एक-दोन दिवस. तळघर 11 ते 13 अंश सेल्सिअसला राखायचं आणि नळ्या नेमाने धुवायच्या. हे सगळं करणारा माणूस पुढे दिसत नाही, पण पेल्यात काय येणार हे त्याच्या हातात असतं. उत्तम कारखान्याची बिअर निष्काळजी तळघरात दोन दिवसांत वाया जाते.

माझ्या पेल्यातली बास तांबूस, आरपार नितळ होती. नळातून थेट ओतल्यामुळे वर फेसाचा पातळ थर, एवढाच. जवळ नेल्यावर विझलेल्या काडीसारखा पुसट गंधकाचा वास आला. हा जिप्समच्या पाण्याचा गुण, आणि बर्टनची जुनी गिऱ्हाइकं तो आवर्जून शोधतात. पहिल्या घोटाला भाजलेल्या धान्याचा गोडवा, मग पिकल्या सफरचंदाची छटा, आणि शेवटी जिभेच्या मागे रेंगाळणारा कोरडा कडवटपणा. मद्यार्क 4.4 टक्के. इंग्लिश बिअर कोमट असते असं आपल्याकडे ऐकू येतं. ती माठातल्या पाण्याइतकी थंड असते. बर्फगार केली तर हे तिन्ही थर जिभेला कळणारच नाहीत. दुसरा अर्धा पाइंट मी जूल्सच्या पेल एलचा घेतला. ती हलकी आणि फुलांच्या वासाची होती. चांगली होती, पण बासचं गांभीर्य तिला नव्हतं.

बहात्तर पाइंट, तीन दिवस

पबमध्ये येणाऱ्या पिंपाचं नेहमीचं माप म्हणजे फर्किन: नऊ गॅलन, म्हणजे 72 पाइंट. एक पाइंट 568 मिलिलिटरचा. पिंप उघडलं आणि बिअर काढायला लागलं की आत हवा शिरते. तीनेक दिवस बिअर उत्तम राहते, मग मंदावते आणि आंबट होऊ लागते. म्हणजे एका पिंपाचे रोज किमान 24 पाइंट खपले पाहिजेत. पबमध्ये सहा प्रकार ठेवायचे तर रोज जवळपास दीडशे. या हिशेबात गल्लीतल्या पबचं सगळं मर्म आहे. केगमधली बिअर कितीतरी दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहू शकते. कास्क थांबत नाही. तिला रोज येणारी माणसं लागतात. माणसं कमी झाली की बिअर बिघडते, आणि बिअर बिघडली की उरलेली माणसंही येईनाशी होतात.

हे चक्र 1960 च्या दशकात देशभर फिरू लागलं होतं. सहा मोठ्या कंपन्यांनी छोटे कारखाने गिळले आणि तळघराची कटकट नसलेली, वायू भरलेली केग बिअर पबांवर लादायला सुरुवात केली. 1971 मध्ये वायव्य इंग्लंडमधले चार तरुण मित्र आयर्लंडमध्ये सुटीवर गेले असताना त्यांनी याविरुद्ध संघटना काढायचं ठरवलं. तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', अर्थात कॅमरा. 1974 पासून ती 'गुड बिअर गाइड' प्रसिद्ध करते. गावोगावचे सदस्य पबांत जाऊन स्वतः चव घेतात आणि कुठल्या तळघरातली बिअर नीट राखलेली आहे हे लिहून काढतात. ग्राहकांनी केवळ चवीसाठी चालवलेली इतकी चिवट चळवळ क्वचितच दुसरी असेल. तिच्याशिवाय कास्क एल कदाचित संग्रहालयात पाहावी लागली असती.

आत कोण बसू शकतं

पबचं वर्णन 'सगळ्यांची बैठकीची खोली' असं करतात. ते कायम खरं नव्हतं, हे मला इथे नोंदवायलाच हवं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल व्हिनो' या मद्यगृहात बाईला काउंटरवर उभं राहून पेय मागता येत नसे. तिने मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं. दोन स्त्रियांनी खटला भरला आणि 1982 मध्ये अपील न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला.

रंगाचा भेद तर त्याहून कडवा. बर्टनच्या दक्षिणेला, बर्मिंगहॅमलगतच्या स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविचमध्ये भट्ट्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना अनेक पबांत प्रवेश नाकारत किंवा वेगळ्या खोलीत बसवत. फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतले नेते माल्कम एक्स हा भेद पाहायला स्मेदिकला आले होते. इंडियन वर्कर्स असोसिएशनने लढा दिला, आणि त्याच वर्षी सार्वजनिक जागी वंशभेद करण्याला कायद्याने बंदी आली. पुढे याच भागातले मरगळलेले पब भारतीयांनी चालवायला घेतले. आज तिथल्या 'देसी पब'मध्ये तव्यावर चरचरणारं मिक्स्ड ग्रिल येतं आणि गोरे-सावळे शेजारी एकाच पडद्यावर फुटबॉल बघतात. डेव्हिड जेसुदासन यांचं या पबांवरचं पुस्तक 2023 मध्ये कॅमरानेच प्रसिद्ध केलं. ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांनीच पुढे ते दार उघडं ठेवलं, ही इंग्लंडच्या अलीकडच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

कूपर्समध्ये आमच्या बाकावर एक निवृत्त कामगार येऊन बसले. त्यांचा कुत्रा भाचीच्या पायाशी आडवा झाला. कामगारवस्तीतल्या माणसांचं बोलणं सावकाश सुरू होतं: आधी हवा, मग तुम्ही कुठून आलात, मग पेल्यात काय आहे. मी मुंबईचं नाव घेतल्यावर त्यांनी पिंपाकडे बोट दाखवून सांगितलं, की हे एके काळी तुमच्याकडेच यायचं. भाची मला हळूच म्हणाली, "मावशी, तीन वर्षं राहते मी इथे, पण ऑफिसबाहेरच्या कुणाशी एवढं बोललेच नव्हते."

काय टिकलं, काय जातंय

2000 साली ब्रिटनमध्ये सुमारे 60 हजार पब होते. आज सुमारे 45 हजार आहेत. कारणं अनेक आहेत. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, वाढलेली भाडी आणि वीजबिलं, बंद पडलेले कारखाने, आणि पबच्या इमारतीपेक्षा तिच्या जागेला आलेली किंमत. बर्टनचीही पडझड चालूच आहे. बासचा कारखाना परक्या हातात गेला. ब्रँड एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे आहे आणि ड्राफ्ट बास कंत्राटावर बर्टनमध्येच तयार होते. गावातलं बिअरचं संग्रहालय 2022 मध्ये बंद झालं. 2024 मध्ये 'बर्टन युनियन' ही ओकच्या पिंपांची एकमेकांना जोडलेली, बिअर आंबवण्याची जुनी पद्धत गावातून थांबली. त्यातला एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिज कारखान्याने उचलला आणि वापरात ठेवला, म्हणून ती विद्या पुरती मेली नाही.

पण हात टेकून न बसलेली माणसंही आहेत. 2011 च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या पबची 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून नोंद करता येते. तो विकायला निघाला तर पैसे उभे करायला त्यांना मुदत मिळते. लंडनच्या नन्हेडमधला 'आयव्ही हाउस' आणि बाथमधला 'बेल इन' 2013 मध्ये गिऱ्हाइकांनीच भाग घेऊन विकत घेतले. 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन खात्याची परवानगी लागते. कायद्याने इमारत वाचते. पिंप मात्र कायद्याने रिकामं होत नाही, त्याला रोजची माणसंच लागतात.

म्हणून एक विनंती. मुलाकडे, मुलीकडे, कामासाठी किंवा फिरायला इंग्लंडला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या आता मोठी आहे. लंडनचा पूल आणि राजवाडा बघून झाला की एक संध्याकाळ मागल्या गल्लीतल्या पबसाठी ठेवा. 'गुड बिअर गाइड' चाळा आणि जवळचं चांगलं तळघर शोधा. कास्कमधलं काय आहे ते विचारा, अर्धा पाइंट मागा, सावकाश प्या. पीत नसाल तर जिंजर बिअर किंवा लिंबाचं सरबत घ्या, तुम्हाला कुणी कमी लेखणार नाही. शेजारी बसलेल्याशी हवेबद्दल दोन शब्द बोला. दोनशे वर्षांची ही रीत टिकायची असेल तर तिला दानाची किंवा स्मारकाची गरज नाही. लोकांनी आत जाऊन बसलं पाहिजे, एवढं पुरेसं आहे.